एका मार्काचा पॅरिस करार

बरेच दिवस लिहायचं होतं, आधी दिवाळी, मग माझा गुडघा, राहूनच गेलं. पोस्ट मोठी आहे, वेळ नसेल त्यांनी लाइक करून पुढे जा, मला वाईट वाटणार नाही (वाटेल थोडं).

झालं असं की नातू नववीत आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मी त्याला प्रश्न विचारत बसले होते. पॅरिस करार (तापमानवाढ रोखायला जगातल्या देशांनी मिळून केलेला) कधी झाला? "२०१५." शाब्बास. आणि त्यात ठरलं काय? तर म्हणतो, "ते नाही येत आजी, एक मार्काला फक्त वर्ष विचारतात." मी म्हणलं अरे पण कोणी कोणाला काय कबूल केलं हे नको का माहीत? त्यावर "आजी, उद्या पेपर आहे, प्लीज." आणि विषय संपला.

माझा काही संपला नाही. मी ३४ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. आमच्याकडे कोणी येऊन सांगितलं असतं की कर्ज २०१५ ला मंजूर झालं एवढंच माहितीय, रक्कम, हप्ता, जामीनदार काही माहीत नाही, तर मॅनेजरने त्याला चहासुद्धा पाजला नसता.

मला स्वतःलाही यातलं काही कळत नव्हतं हे आधी कबूल करते. आम्ही पुण्यात अरण्येश्वरजवळ राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, ह्यांची स्कूटर सकाळी दोन बिल्डिंग पलीकडे एका भिंतीला आडवी सापडली. आमचं निभावलं, ओढ्याकाठच्या वस्तीत माणसं गेली, ते आवाज अजून कानात आहेत. त्यानंतर प्रत्येक जण म्हणायला लागला, क्लायमेट चेंज हो क्लायमेट चेंज. आणि मला वाटलं की एवढा मोठा शब्द आपण जिभेवर खेळवतोय पण त्याचा अर्थ काय ते एकालाही धड सांगता येत नाही. मग लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर एक फुकटचा ऑनलाइन कोर्स लावला, आणि खरं सांगते, पहिले दोन आठवडे झाडं, ध्रुवावरची अस्वलं आणि वितळणारा बर्फ बघून कंटाळा आला. तिसऱ्या आठवड्यात आकडे आले आणि मी चष्मा पुसून सरळ बसले. कारण हा सगळा आमच्या खात्याचा विषय निघाला!

म्हणजे बघा. २०२१ मध्ये आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायची तर २०२० च्या सुरुवातीपासून पुढे सगळ्या जगाला मिळून साधारण ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडता येईल, आणि एवढं पाळूनही यशाची शक्यता फक्त निम्मी. दरवर्षी जग सोडतं साधारण ४० अब्ज टन. करा भागाकार, साडेबारा वर्षं, त्यातली किती गेली ते कॅलेंडर बघा. ही सरळ सरळ सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच उचल) आहे हो, आणि खातेदार रोज उचल करतोय, भरणा मात्र शून्य. बरं १८५० ते २०१९ पर्यंत साधारण २४०० अब्ज टन आधीच उचलून झालेत. त्यातला फक्त कोळसा-तेल जाळून झालेला भाग बघितला तर पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्के. हे ज्याला कळलं त्याला "सर्वांची समान पण वेगवेगळ्या प्रमाणातली जबाबदारी" हे १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातलं अवघड वाक्य पाठ करावं लागत नाही. आमच्या चाळीतल्या नळाच्या भांडणात हेच वाक्य वेगळ्या भाषेत असायचं.

आता पैशाचं. कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९ मध्ये श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. त्यांच्याच हिशोबाने हा आकडा पहिल्यांदा पूर्ण झाला २०२२ ला. दोन वर्षं उशीर, ठीक आहे, पार्टी मोठी आहे, चालवून घेऊ. पण त्या सरकारी पैशातला बहुतेक भाग काय होता माहितीय? कर्ज! परत करायचं, काही ठिकाणी बाजारभावाच्या व्याजाने. माझं डोकंच फिरलं. कर्ज दिलं की ते आमच्याकडे येणं म्हणून लिहिलं जायचं, देणगी म्हणून लिहायची छाती तीस-चाळीस वर्षांत एकाही चेअरमनची झाली नाही, आणि झाली नाही असं नाही म्हणा, पण मग ऑडिटर यायचा. इथे ऑडिटर कोण? नंतर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, मागणी होती १३०० अब्जांची. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि आपल्या प्रतिनिधींनी तिथल्या तिथे उठून हरकत घेतली. तो व्हिडिओ मी तीनदा बघितला, टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा बरा होता.

आणि ती शॅल-शुडची गोष्ट! पॅरिसला शेवटच्या दिवशी, १२ डिसेंबरला, अमेरिकेच्या लोकांना मसुद्यात एका ठिकाणी श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करण्याबद्दल "शॅल" दिसला, म्हणजे केलंच पाहिजे. त्यांना हवा होता "शुड", करावं. शॅल राहिला असता तर त्यांना करार त्यांच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो पडला असता. मग ती टायपिंगची चूक असल्याचं जाहीर झालं, बाकीच्या किरकोळ दुरुस्त्यांबरोबर वाचून दाखवली आणि करार मंजूर. मंजुरीपत्रातल्या एका शब्दावरून आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात, त्यामुळे मला ही गोष्ट जेवढी भिडली तेवढी कोर्समधल्या पोरांना भिडली नसावी. नववीतल्या मुलाला हे सांगा, तो वर्ष विसरेल का? जन्मात नाही. आणि एवढं करून तोच देश २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, २०२५ ला परत बाहेर पडायचा आदेश. असा जामीनदार आम्ही घेतला नसता.

आता फक्त अमेरिकेला शिव्या घालून मोकळं व्हायचं नाही हं, तो पुणेरी सोपा मार्ग आहे. २०२५ मध्ये आपल्याकडे पेढे वाटल्यासारखी बातमी आली की वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेल-गॅसशिवायची झाली, पाच वर्षं आधीच. चांगलीच गोष्ट आहे, मीही स्टेटस ठेवलं. पण क्षमता म्हणजे मंजूर रक्कम, उचललेली नव्हे! सूर्य रात्री नसतो, म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे खरे, पण दुसरा कोणी स्टेटसला ठेवत नाही. तसंच माणशी दोन टन. सरासरी भारतीय वर्षाला साधारण दोन टन सोडतो, अमेरिकन त्याच्या सातपट, हे आपण कॉलर ताठ करून सांगतो, पण त्या सरासरीत मेळघाटातली बाईही आहे आणि मीही आहे, जिच्या घरात दोन एसी आहेत आणि जी दर दोन वर्षांनी विमानाने लेकीकडे न्यूजर्सीला जाते. माझे दोन टन ती बाई भरतेय.

आणि तो ओढा. कोर्सनंतर मला कळलं की हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. हे एक खातं. पण ओढ्याच्या पात्रात बांधकामं कोणी होऊ दिली, नाला वळवला कोणी, कल्व्हर्ट (रस्त्याखालचे पाण्याचे मार्ग) अरुंद ठेवले कोणी, हे दुसरं खातं आहे आणि त्याची नोंद कोपनहेगनच्या नावावर टाकायची नाही. आमच्या ग्रुपवर एक काका म्हणाले, "ग्लोबल वॉर्मिंगपुढे महापालिका काय करणार?" मी लिहिलं, गाळ काढणार. मला दोन दिवस म्यूट केलं.

सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? नोकरीभर मी शिवाजीनगरला बसमधून सिमला ऑफिस चौकावरून गेले. नाव असं का हे कधी विचारलं नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन २०२० मध्ये भारताचा पहिला अख्खा अहवाल काढला, १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशांनी वाढलं हे त्यात आहे. आयपीसीसीला आकडे पुरवणारं भारताचं पहिलं हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल तिथलंच. आणि आपली पोरं प्रोजेक्टला इंटरनेटवरून अस्वल छापून आणतात, रंगीत, वर प्लास्टिकची फाइल.

तर मी नातवाला एका जुन्या खतावणीच्या वहीत हे सगळं मांडून दिलं, डावीकडे नावे, उजवीकडे जमा, देशवार. त्याला आवडलं, खरंच आवडलं, रात्री अकराला उठून विचारायला आला की आजी चीन कुठल्या बाजूला लिहायचा. (चांगला प्रश्न आहे, आयोगांना सुटलेला नाही. मी म्हणलं पेन्सिलने लिही.) पुढच्या चाचणीत "पॅरिस करारावर टीप लिहा" आलं, तीन मार्काला, ह्याने दीड पान लिहिलं, शॅल-शुडसकट. मिळाला एक. शेरा: "मुद्देसूद लिही. पुस्तकातले मुद्दे नाहीत."

शनिवारी पालकसभा आहे. सून म्हणते, आई तुम्ही येऊ नका. मी वही कव्हर घालून ठेवलीये.