पी-ब्लॉकला लॉजिक नसतं म्हणे!

बारावी आणि सीईटी-नीटच्या ग्रुपांवर दरवर्षी फिरणारा मेसेज परत आलाय. त्यात म्हटलंय की पी-ब्लॉक (पिरियॉडिक टेबलमधले उजवीकडचे ग्रुप १३ ते १८) म्हणजे नुसते अपवाद, लॉजिक शून्य, रट्टा मारा नाहीतर सोडून द्या. नोबल गॅस (हेलियम, निऑन, झेनॉन वगैरे) कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाहीत, इनर्ट पेअर इफेक्ट (जड अणूंची बाहेरची एस-इलेक्ट्रॉनची जोडी बॉन्डमध्ये भाग घ्यायला टाळते तो) फक्त व्याख्येपुरता असतो, आणि परीक्षा झाली की या चॅप्टरचा कुठेच उपयोग नाही. यावर पोरं "खरंय भाऊ" म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते अपवाद. बॉन्ड तोडायला लागणारी एनर्जी बघा, क्लोरिनला २४२ किलोज्यूल, ब्रोमिनला १९३, आयोडिनला १५१. ग्रुपात खाली जाल तसा आकडा कमी, मग या हिशोबाने क्लोरिनच्या वरचा फ्लोरिन सगळ्यात वर पाहिजे ना? तर तो १५८ वर, पार आयोडिनच्या शेजारी. का, तर फ्लोरिनचा अणू एवढासा, दोन अणू चिकटले की दोघांचे लोन पेअर (बॉन्डमध्ये न वापरलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) एकमेकांना ढकलायला लागतात आणि बॉन्ड ढिला पडतो. बास, एवढंच कारण धरून ठेवा आणि पुढे चला. बाहेरून इलेक्ट्रॉन घेताना फ्लोरिनपेक्षा क्लोरिनची जास्त एनर्जी बाहेर पडते, कारण तीच गर्दी. ऑक्सिजनपेक्षा सल्फरची जास्त, कारण तेच. नायट्रोजन-नायट्रोजन सिंगल बॉन्ड फॉस्फरसच्यापेक्षा कच्चा, पुन्हा तेच. आणि लहान असल्यामुळेच या लोकांचे पी-ऑर्बिटल बाजूने मस्त ओव्हरलॅप होतात, म्हणून नायट्रोजन ट्रिपल बॉन्ड करून गॅस होऊन हवेत फिरतो आणि फॉस्फरस चार-चार अणूंचा सांगाडा करून घट्ट बसतो. ऑक्सिजन दोघांत भागवतो, सल्फरला आठ जणांची रिंग लागते. हे सगळे वेगवेगळे अपवाद म्हणून वहीत लाल पेनाने लिहून घेतले की डोक्याला ताप होणारच.

नोबल गॅसचं म्हणाल तर ही बातमी १९६२ सालीच शिळी झाली. नील बार्टलेट कॅनडात व्हँकुव्हरला काम करत होता, त्याला दिसलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड चक्क ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतंय. आता ऑक्सिजनच्या रेणूची आयनायझेशन एनर्जी (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) साधारण ११७५ किलोज्यूल आणि झेनॉनची ११७०, म्हणजे झेनॉनकडून पण ओढता आला पाहिजे! त्याने दोन्ही वायू एकत्र सोडले आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉनचे फ्लोराइडही बनले. हेलियम-निऑनपुरतं मेसेजवाल्याचं चालवून घेऊ, पण झेनॉनवर परीक्षेत प्रश्न येतो तो उगाच नाही.

इनर्ट पेअर म्हणजे फक्त व्याख्या? घरात साधी पाण्याची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर तीच बघा. कार्बन, सिलिकॉन +४ मध्ये (म्हणजे चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन वापरून) खुशाल असतात, पण लेड तिथे अस्वस्थ, त्याची बाहेरची ६एस जोडी सुटायला तयार नसते म्हणून त्याला +२ वर यायची घाई. बॅटरीची एक प्लेट लेड डायऑक्साइडची, म्हणजे +४ वाली, दुसरी साध्या लेडची, मध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड. लाइट गेली की दोन्हीकडे लेड सल्फेट व्हायला लागतं, म्हणजे +२, आणि त्या ओढीवर तुमचा पंखा फिरतो. ही जोडी एवढी घट्ट का, तर लेडच्या जड न्यूक्लियसजवळ इलेक्ट्रॉनचा वेग प्रचंड वाढतो आणि तिथे आइनस्टाइनची रिलेटिव्हिटी लागू होते. २०११ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तर सेलच्या दोनेक व्होल्टपैकी बराचसा भाग यामुळेच निघाला.

"कुठेच उपयोग नाही"चं उत्तर यातच आलं. वर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर ग्रुप १७ चीच (क्लोरिन), आणि शेतातला युरिया ग्रुप १५ चा (नायट्रोजन).

पाठांतर अजिबात नको असं नाही हं. रंग, कॅटलिस्ट, तापमान हे पाठच करावं लागतं, इलाज नाही. पण फॉस्फरसचे अ‍ॅसिड मात्र पाठ करू नका, स्ट्रक्चर काढा. जो हायड्रोजन ऑक्सिजनला लटकलाय तोच आयन म्हणून सुटतो, थेट फॉस्फरसला चिकटलेला सुटत नाही. हायपोफॉस्फरस अ‍ॅसिडमध्ये हायड्रोजन तीन, त्यातले दोन थेट फॉस्फरसला, म्हणून ते मोनोबेसिक, म्हणजे एकच हायड्रोजन सोडणारं.