परांड्याच्या तोफांना कानस लावू नका

धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर सहलीला निघालेल्या भाच्यानं एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, कानस घेऊन जाऊ का?’ मेसेज म्हणतो: मुलूखमैदान तोफ औरंगजेबानं ओतली, ती परांड्यात आहे, तिचा मारा 35 किलोमीटर, बत्ती देऊन गोलंदाज आवाजापासून वाचायला हौदात उडी मारायचा, आणि किल्ल्यातली कुठलीही तोफ घासा, पिवळं सोनं दिसतं.

शेवटचं आधी घेतो, कारण नुकसान तिथंच आहे. तांब्यात कथील पडलं की रंग पिवळाच होतो. घरातली काशाची वाटी चिंचेनं घासून बघा. मुलूखमैदानच्या धातूचं पृथक्करण कधीच झालंय: सुमारे 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. सोन्याचा पत्ता नाही. कानशीनं निघतो तो वरचा हिरवट-काळा थर, आणि तोच आतला धातू राखतो. त्याबरोबर कोरलेली अक्षरं झिजतात. लोखंडी तोफ घासली तर पहिल्याच पावसात तिथं गंज धरतो.

आणि ती अक्षरं गेली की असल्या मेसेजला उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं? मुलूखमैदानवर अहमदनगरच्या निजामशहाचं नाव आहे, हिजरी 956 म्हणजे 1549 हे साल आहे, ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचं नाव आहे. औरंगजेबाचाही लेख आहे, कबूल; पण तो 1686 त विजापूर घेतल्यावर कोरलेला. 1549 मध्ये त्याचा जन्मही झाला नव्हता! तोफ परांड्यात होती हेही खरं, पण 1632 पासून ती विजापूरला आहे.

35 किलोमीटर? हवेचा अडथळा शून्य धरला, नळी 45 अंशांत उचलली, तरी सेकंदाला जवळपास 590 मीटर वेग लागतो. इथं नळी सव्वाचार मीटर, तोंड 70 सेंटिमीटर. त्यात बसणारा दगडी गोळा साडेचार-पाच क्विंटलचा. त्या काळच्या तोफेच्या काळ्या दारूनं, म्हणजे बारुदीनं, तो त्या वेगानं सुटणं शक्यच नाही.

हौदाचं म्हणाल तर तोफेजवळ पाणी लागायचंच. प्रत्येक बारानंतर ओला कुंचा नळीत फिरवून निखारे विझवावे लागतात. एखादा राहिला तर पुढची दारू भरतानाच पेटते आणि भरणारा जातो. पाणी त्यासाठी, उडीसाठी नव्हे.

भाच्या, कानस घरीच ठेव, मोबाईल ने. सकाळच्या तिरप्या उन्हात तोफेवरच्या अक्षरांचे फोटो काढ, तेव्हा ती नीट उठून दिसतात.