आधी सांगा, पोलीस कोण होणार?

२०१० चा जून. पाऊस थांबला तसा शिवाजी पार्कचा कट्टा ओला असतानाच भरला. वर्ल्डकप चालू असल्यामुळे विषय फुटबॉलचाच निघणार होता. पण निल्याने आल्या आल्या फर्मान काढलं, "एपीबी २९ जूनला येतोय. मी क्रिमिनल. विषय संपला." एपीबी म्हणजे 'ऑल पॉइंट्स बुलेटिन', चोर विरुद्ध पोलीस असा ऑनलाइन गेम.

मग पुढची वीस मिनिटं निल्याच बोलत होता. टॅटू कुठे काढणार, गाडीला रंग कुठला, आणि समोरच्याला मारलं की त्याला ऐकू जाणारी स्वतःची धून कशी बनवणार. ती धून त्याने तोंडाने वाजवूनही दाखवली. भेळवाल्याचा हात थांबला.

सुहास म्हणाला, "ही ऐकायच्या आधी मेलो ते बरं झालं म्हणेल तो."

सुहास नायगावच्या पोलीस वसाहतीत वाढला. वडील हवालदार. तो सहसा अशा वादात पडत नसे, पण त्या दिवशी पडला. "नावच बघ ना. सगळ्या ठाण्यांना दिलेली खबर. तू दुकान फोडलंस की गेमच एनफोर्सरच्या, म्हणजे पोलिसांच्या बाजूच्या, एखाद्या गटाला तुझ्यावर सोडणार, आणि तो गट म्हणजे खरी माणसं. तुझ्या मागे कोणी धावणारच नसेल तर तू चोर कसला? नुसता सामान वाहणारा हमाल!"

"पण पोलीस होऊन करायचं काय? शिट्टी वाजवायची?" निल्या.

"बेड्या घालायच्या. झटका देऊन खाली पाडणारी बंदूक मिळते, जीव घ्यावा लागत नाही. उलट रस्त्यातला पादचारी उडवलास तर तुझी पत घसरते. गोळी घालणं सोपं असतं रे, धरून आणणं अवघड. सव्वीस-अकराला चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या हातात काठी होती. त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला आणि गेल्या महिन्यात शिक्षा झाली."

कोणी काही बोललं नाही. मला सुहासचं शंभर टक्के पटलं. गुन्हेगारांचे गेम ढिगाने आले होते. जीटीए बनवणारा डेव्हिड जोन्सच स्कॉटलंडमधल्या डंडीत बसून हा बनवत होता, आणि यावेळी त्याने दुसरी बाजूही खेळण्यालायक करायचं ठरवलं होतं. मला या गेममधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली.

अवधूतने मात्र खोच काढली. "एनफोर्सर पोलीस नाहीतच. गेममधल्या सॅन पॅरो शहरात कायदा करून साध्या नागरिकांनाच बंदुका दिल्यात."

"मला तेच खटकतं," सुहास म्हणाला. "ठाणं नाही, स्टेशन डायरी नाही, साहेबांना उत्तर देणं नाही. बेड्या घातल्या तरी माणूस जातो कुठे?" याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मग पक्या हिशोबाला बसला. विकत घेतल्यावर ५० तास मिळणार, पुढे २० तासांना ६.९९ डॉलर, नाहीतर महिन्याला ९.९९. "म्हणजे तासाला सोळा रुपये. सायबरमध्ये वीस द्यायचो आपण."

"आपण?" अवधूत उसळला. "निल्याचे कोण द्यायचं? काउंटर-स्ट्राइकचे साडेतीनशे अजून येणं आहेत माझे!"

"आणि सर्व्हर युरोप-अमेरिकेत, तुझी लाइन २५६ केबीपीएसची," पक्या म्हणाला. "तू दुकान फोडायला हात उचलशील तोवर सुहास बेड्या घालून घरी जेवायला बसलेला असेल."

निल्या जुन्याच वळणावर गेला. म्हणे चाळीत चोर-पोलीस खेळतानाही तुम्ही सगळे मलाच धरायचात. इथे मात्र तिघे एकदम तुटून पडले, कारण धरायला गेलं की हा मूठ चाटून टाइम प्लीज म्हणायचा. एकदा तर संडासात लपून अर्धा तास टाइम प्लीज चालू होतं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बादली वाजवून बाहेर काढला.

चौघांत दोन-दोन व्हायचे तर चिठ्ठ्या टाकू, असं मीच सुचवलं. मी खेळणार नव्हतो, माझा कॉम्प्युटर तेवढा दमदार नव्हता. भेळेच्या कागदाचे चार तुकडे केले. सुहासला क्रिमिनल आलं. त्याने चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली आणि म्हणाला, "हे बाबांना सांगू नका."

निल्याने आपली उघडली, वाचली, आणि कोणी काही विचारायच्या आत मूठ तोंडाशी नेली.