शेवटच्या सायकलसाठी थांबायचं

गेल्या डिसेंबरात तीन आठवडे छत्रपती संभाजीनगरला घरी होते. एका रविवारी पहाटे सव्वापाचला क्रांती चौकातून निघणाऱ्या सायकल ग्रुपबरोबर गेले. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट चढून खुलताबाद आणि त्याच रस्त्यानं परत, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. अठरा जण होतो. त्यात एक सर पहिल्यांदाच आले होते. नोकरी जालना जिल्ह्यातल्या शाळेत, रोजचं अपडाऊन. साधी हायब्रिड सायकल, पाठीला शाळेत न्यायचीच सॅक, पायात कॅनव्हासचे बूट.

शरणापूरपर्यंत ते आमच्या बरोबरीनं होते. किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून रस्ता वर निघाला आणि पाच मिनिटांत ग्रुप फुटला. पुढचे पुढे गेले. मी मधे कुठेतरी होते. एका वळणावर मागे पाहिलं तर सर दिसेनात, म्हणून परत खाली उतरले. ते कठड्याला सायकल टेकवून उभे होते. चेन उतरलेली, दोन्ही हात ग्रीसनं काळे.

"ताई, तुम्ही कामून थांबल्या? जा म्होरं. येतो मी हळूहळू."

चढावर पाय जोरात दाबत असतानाच त्यांनी गेअर बदलला होता. चढ लागायच्या आधीच, पायावर जोर नसताना गेअर हलका करून घ्यायचा, एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चेन बसवली आणि गप्पा मारता येतील अशा बेतानं दोघं वर गेलो. खुलताबादला पोचलो तेव्हा बाकीच्यांचे पोहे खाऊन झाले होते, फोटो निघाले होते, निम्मे लोक परतीला लागले होते. कुणी वाईट बोललं नाही. "सर, पहिल्यांदा असंच होतं," असंही एकजण आपुलकीनं म्हणाला. पण पुढच्या रविवारी सर आले नाहीत.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, कारण आठ वर्षांपूर्वी त्या सरांच्या जागी मी होते. मी नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, मास्ट्रिख्टमध्ये राहते. हा देश सपाट आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आमचा हा कोपरा डोंगराळ आहे. डोंगराळ म्हणजे किती, तर सर्वांत उंच जागा ३२२ मीटर. आपलं संभाजीनगर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि म्हैसमाळ हजाराच्या पुढे. तरीही १९६६ साली सुरू झालेली, वसंतात होणारी आमस्टेल गोल्ड रेस ही सायकलशर्यत याच टेकड्यांवरून जाते, कारण इथले चढ आखूड असले तरी खडे आहेत. फाल्केनबर्गचा काउबर्ग सव्वा किलोमीटरचा, पण त्याचा सर्वांत खडा भाग १२ टक्क्यांचा. त्या काउबर्गवर, इथल्या सायकल क्लबातल्या माझ्या पहिल्या रविवारी, माझे पाय संपले. मी उतरून चालायच्या बेतात होते, तेवढ्यात पाठीवर एक हात टेकला. सत्तरीच्या आसपासचे एक आजोबा माझ्या शेजारी आले होते. एका हातानं स्वतःचं हँडल धरून दुसऱ्या हातानं त्यांनी मला माथ्यापर्यंत रेटत नेलं. एक शब्द बोलले नाहीत. वर सगळे थांबलेले होते आणि माझा श्वास जागेवर आल्यावरच पुढे निघाले.

त्या क्लबात रविवारचे गट वेगानुसार पडतात. ताशी २२चा, २५चा, २८चा. आपण आपला गट निवडायचा, आणि त्या गटानं ठरलेल्या वेगाच्या वर जायचं नाही. सर्वांत मागे एक जुना माणूस असतो. शेवटची सायकल सुटायला लागली की तो हाक देतो आणि पुढची माणसं पाय सैल करतात. हाकांची एक छोटी भाषाच आहे. 'पालत्ये' म्हणजे रस्त्यात खुंट आहे, 'तेखन' म्हणजे समोरून कुणी येतंय, 'आख्तर' म्हणजे मागून गाडी आली. पुढच्यानं दिलेली हाक प्रत्येकानं मागे पोचवायची. आपल्याकडेही 'खड्डा', 'ब्रेकर', 'कुत्रं' अशा हाका आहेतच, पण त्या पहिल्या पाच-सात जणांत विरतात. मागच्या माणसाला खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो.

संभाजीनगरच्या सायकल ग्रुपच्या फोनवर चर्चा मात्र वेगळ्याच चालतात. त्या सरांनी येण्याआधी एक साधा प्रश्न टाकला होता, "सुरुवातीला सायकल कोणती घेऊ?" त्यावर दोन दिवस वाद झाला. कार्बन घ्या, ॲल्युमिनियम घेऊन पस्तावाल, डिस्क ब्रेक हवेतच, क्लिपचे पेडल पहिल्या दिवसापासून लावा. शेवटी सल्ला दीड-दोन लाखांवर जाऊन थांबला आणि सर गप्प झाले. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, प्रेमानंच बोलत होते, हे मला माहीत आहे. पण हिशेब करून बघा. माणूस ७५ किलोचा, सायकल १० किलोची. एकूण ८५. लाखभर जास्त मोजून दोन किलो हलकी सायकल आणली, तर अर्ध्या तासाच्या चढावर पाऊण मिनिटही वाचत नाही. उलट सपाटीवर ताशी ३०च्या वेगानं जाताना बहुतेक ताकद वाऱ्याला कापण्यात जाते, आणि पुढच्याच्या चाकामागे नीट राहता आलं तर त्यातली पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. म्हणजे पैठणच्या सरळ रस्त्यावर नवख्या माणसाला सर्वांत मोठी मदत दुकानातून मिळत नाही, पुढच्या सायकलवाल्याकडून मिळते. फक्त पुढच्यानं त्याला मागे घेतलं पाहिजे आणि चाकामागे कसं राहायचं ते शिकवलं पाहिजे.

आपल्या भागासाठी मी नवख्याला काय सांगेन? २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर घ्या, आपल्या रस्त्यांना बारीक टायर सोसत नाहीत. मागच्या चाकाला गेअरच्या मोठ्या चकत्या असू द्या, सर्वांत मोठीला ३२-३४ दात असले की घाटात गुडघे वाचतात. टाच पेडलवर ठेवली की पाय खाली सरळ झाला पाहिजे, सीटची उंची तेवढी. गादीची चड्डी घ्या आणि आत दुसरं काही घालू नका, नाहीतर कातडी सोलते. मागचा लाल दिवा, एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत लिंबू-मीठ-साखर. आणि बाभळीचा काटा ओळखायला शिका. पंक्चर झालं की ट्यूब बदलून लगेच हवा भरू नका. आधी टायरच्या आतून अंगठा हळूहळू पूर्ण फिरवा. काट्याचं टोक रबरात मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

हेल्मेटवरही वाद होतो. "तुमच्या तिकडे तर कुणी घालत नाही," असं मला प्रत्येक सुट्टीत ऐकावं लागतं. रोज दुकानात, कचेरीत, शाळेत जाणारे बहुतेक लोक इथे घालत नाहीत, हे खरं. पण रविवारी वेगानं जाणाऱ्या आमच्या गटात बिनहेल्मेटचं डोकं मी पाहिलेलं नाही. तेव्हा इकडचा दाखला देऊन कृपया हेल्मेट काढू नका.

दुसरा वाद जास्त गंभीर आहे. या पावसाळ्यात ग्रुपमधल्या एकाला पैठण रस्त्यावर टेम्पो घासून गेला. कोपर सोललं, हँडल वाकलं, टेम्पो थांबला नाही. त्यानंतर फोनवर दोन बाजू पडल्या. एक म्हणे, वेगळा सायकल ट्रॅक मिळेपर्यंत बंद करा. दुसरी म्हणे, मोठ्या रस्त्यावर जाताच कशाला, मैदानाला फेऱ्या मारा. घरोघरी आयाबायकाही हेच म्हणतात, आणि त्यांची भीती खरी आहे.

वेगळ्या ट्रॅकची कल्पना करताना लोकांच्या डोळ्यापुढे माझा हा देश असतो, म्हणून सांगते. हे रस्ते सायकलशर्यतीच्या हौशी लोकांनी मिळवलेले नाहीत. १९७१ साली इथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' असं त्यांच्या चळवळीचं नावच होतं. १९७३च्या तेलटंचाईत काही रविवारी मोटारी बंद राहिल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हे सगळ्यांनी पाहिलं. त्यातून पुढे हे सगळं उभं राहत गेलं. कायदाही तसा झाला. मोटारीनं सायकलवाल्याला धडक दिली तर, चूक सायकलवाल्याची असली तरी, निदान निम्मी भरपाई बहुधा मोटारवाल्याकडेच येते, आणि मूल १४ वर्षांखालचं असेल तर पूर्ण. याचा परिणाम मी रोज अनुभवते. मागून येणारा मोटारवाला घाई करत नाही.

पण ट्रॅक झाला की आपल्याला ताशी ३५नं जाता येईल, असं घरी कुणी समजत असेल तर तसं होत नाही. जिथे गोल निळी पाटी आहे तिथे आमच्या रविवारच्या गटालाही सायकलवाटेवरूनच जावं लागतं, आणि तिथे शाळेची पोरं असतात, कुत्री फिरवणारे असतात, बॅटरीच्या सायकलवर जोडीनं निघालेले म्हातारे असतात. गावागावांत आमच्यासारख्या वेगवाल्यांबद्दल तक्रारी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत.

आपल्या शहरात शाळा-कॉलेजांच्या रस्त्यांवर ट्रॅक जरूर व्हावेत. पण खुलताबादपर्यंत, पैठणपर्यंत कुणी ट्रॅक नेणार नाही. आपल्याला हवी आहे ती साईडपट्टी. डांबराची कड वीतभर तुटलेली असते, मागून ट्रक आला म्हणून खाली उतरावं तर चाक मुरमात फसतं. पावसाळ्यात त्या कडेवर काळी माती येते आणि ब्रेकमध्ये लिंपून चाक अडवते. छाटलेल्या बाभळी तिथेच टाकलेल्या असतात. बीड-लातूरकडे ऊस सुरू झाला की मागे एक लाल रिफ्लेक्टरही नसलेल्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात पुढे उभ्या राहतात. आणि ही पट्टी फक्त आपल्या अठरा जणांसाठी लागते का? कॅन लटकवून येणारा दूधवाला त्याच कडेनं येतो. मानव विकासच्या योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या मुली त्याच कडेनं शाळेला जातात. शेतावर निघालेल्या बाया तिथूनच चालतात. ग्रुपनं रविवारी जाताना कड कुठल्या किलोमीटरच्या दगडाशी तुटली आहे ते टिपावं, फोटो काढावेत आणि गावच्या सरपंचाला, शाळेच्या मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन ज्या खात्याचा रस्ता असेल तिथे अर्ज द्यावा. सायकल क्लबच्या अर्जाला उत्तर येईलच असं नाही. पन्नास मुलींच्या पालकांच्या सह्या असल्या की तो अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

इथलं सगळंच उचलून न्यावं असं मला वाटत नाही. इथे रस्त्यात पंक्चर काढत बसले तर गटाबाहेरचं कुणी सहसा थांबत नाही. आपल्याकडे पाच मिनिटांत एखादा मोटारसायकलवाला पाय टेकवून विचारतो, "काय झालं? पाणी पाहिजे का?" असं थांबणं आपल्या अंगातच आहे. माझी आजी पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जायची. ती सांगायची, पाय दुखून मागं पडलं की दिंडीतलं कुणीतरी येऊन गाठोडं घ्यायचं आणि शेजारनं चालायचं. पैठणच्या रस्त्यानं सायकल काढणाऱ्या आपल्या ग्रुपला नवख्यासाठी घाटात थांबणं शिकवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र इथून जरूर न्यावी. आमच्या सीमेपलीकडे, बेल्जियमच्या लिंबर्गमध्ये, एका खाण अभियंत्याच्या कल्पनेतून १९९५च्या सुमारास सायकलवाटांच्या फाट्यांना आकडे दिले गेले. आता इकडेही तीच पद्धत आहे. सकाळी चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहायचे, चिठ्ठी हँडलला चिकटवायची आणि त्या आकड्यांच्या पाट्या बघत जायचं. मोठ्या रस्त्याला जवळपास लागावंच लागत नाही. कागजीपुरा, सुलीभंजन, खुलताबाद या बाजूच्या गावरस्त्यांना असे आकडे द्यायला दगडावर रंग मारण्यापलीकडे फार काही लागणार नाही. त्या रस्त्यांवर टेम्पो कमी, सावली जास्त आणि हाक मारायला माणसं असतात. अंधारात निघायचं नाही म्हणून घरी राहणाऱ्या बायका अशा वाटेनं साडेसहाच्या उजेडात येतील. माझ्या दोन मैत्रिणींनी तसं कबूलही केलंय.

सरांशी अधूनमधून बोलणं होतं. ते एकटेच चालवतात, ग्रुपमध्ये परत गेले नाहीत. मागच्या महिन्यात त्यांचं पुढचं चाक आठवड्यात तीनदा बसलं. मी अंगठा फिरवायला सांगितलं. संध्याकाळी फोटो आला, तळहातावर बाभळीच्या काट्याचं तांदळाएवढं टोक.

या डिसेंबरात पाच जणांचं ठरलंय. रविवारी साडेसहाला मिटमिट्याच्या पुढे जमायचं आणि म्हैसमाळला जायचं. सरांनी परवा विचारलं, "ताई, खुलताबादच्या वर मला जमंल का?" मी म्हटलं, वर बाराएक किलोमीटर आहेत. दोन बाटल्या घ्या, चढ दिसला की आधीच गेअर हलका करा. सर्वांत मागे मी असेन.