दोनच ओळी तर बदलायच्यात!

"दोनच ओळी तर बदलायच्यात, एका रात्रीत होईल तुझं." हे वाक्य ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असेल ना, त्याला जन्मभर दुसऱ्यांच्या दोन-दोन ओळी बदलायला बसवलं पाहिजे. बिनपगारी.

काल आमच्या हौशी ग्रुपच्या नाटकाचा प्रयोग झाला. लेखिका मी. निदान पहिल्या वाचनाच्या दिवशी तरी होते. नंतर मी प्रॉम्प्टर झाले, मग जो तालमीला येणार नाही त्याच्या जागी उभी राहणारी झाले, मग प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, पिशवी घेऊन फिरणारी. लिहिणाऱ्याचं काम पहिल्या वाचनाला संपतं, त्यानंतर तो रिकामाच असतो, असा सगळ्यांचा ठाम समज. प्रकाशयोजनावाल्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तुझे दिवे लावून झालेत तर जरा पडद्याला इस्त्री कर.

आणि मी रिकामी नसते हो. पोटाची नोकरी आहे. पहाटे पाचला उठून एक कादंबरी लिहिते, ती चौथ्या प्रकरणात चार महिने अडकली आहे. एका मैत्रिणीबरोबर श्राव्यनाटिका करायचं ठरलंय, तिचे तीन भाग लिहून पडलेत आणि चौथा तिने मागणंसुद्धा सोडून दिलंय. या सगळ्याला लोक 'साइड प्रोजेक्ट' म्हणतात. कादंबरी साइडला, नाटिका साइडला, नाटक तर काय, छंदच! मग मधोमध आहे तरी काय? ऑफिसची एक्सेल शीट?

कृपा करून मला काफ्का सांगू नका. प्रत्येक हितचिंतकाच्या खिशात एक काफ्का असतोच. "तोसुद्धा विमा कचेरीत नोकरी करून लिहायचा की." करायचा, १९०८ ते १९२२. पण ती कचेरी दुपारी दोनला सुटायची! आणि एवढं करूनही त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. दोनला सुटणाऱ्या माणसाची ही गत, तर सातला सुटून साडेसातला तालमीला धावणारीची काय होणार? त्याच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला 'उद्या काळी छत्री कोण आणतंय?' असा मेसेजही येत नसणार.

असो. दोन ओळी.

प्रयोगाला तीन आठवडे असताना आजोबांचं काम करणाऱ्या गृहस्थांना दुसऱ्या ग्रुपात मोठी भूमिका मिळाली आणि ते गेले. जाणारच. हौशी नाटकात कुणी कुणाला बांधून ठेवू शकत नाही. मी म्हटलं, दुसरं माणूस बघू. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे दादा म्हणतात आणि म्हणूनच कुणी काही बोलत नाही, ते म्हणाले, "अगं, आजोबांना फोनवर ठेवू. गावाला गेलेत म्हणायचं. तू दोनच ओळी बदल."

माझं नाटक एका बंद खोलीबद्दल आहे. ६८ पानांची संहिता. सबंध पहिला अंक आजोबा एक शब्द बोलत नाहीत, नुसते खुर्चीत बसून असतात. एकतिसाव्या पानावर ते पहिल्यांदा तोंड उघडतात आणि विचारतात, "चावी कुणाकडे आहे?" बास. त्या एका प्रश्नासाठी मी तीस पानं म्हातारा गप्प ठेवला होता. फोनवरचा माणूस गप्प कसा बसणार? फोनवर गप्प बसला तर रेंज गेली असं वाटतं!

दोन ओळींसाठी मी अकरा रात्री बसले. खुर्ची गेली, खुर्चीवरून होणारं भांडण गेलं, त्या भांडणातून निघणारा बहिणीचा प्रवेश लटकला. शेवटी प्रश्न सुनेच्या तोंडी दिला. तर दादा म्हणाले, "हा प्रश्न बाराव्या पानावरही येऊ दे, प्रेक्षकांना आधीपासून कळतं." मी म्हटलं, दादा, एकच वाक्य दोन ठिकाणी क्यू म्हणून, म्हणजे पुढच्या नटाला खूण म्हणून, ठेवलं तर कुणीतरी मधली पानं सोडून उडी मारणार. नाटकात काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. पाठ केलेलं डोकं वाक्य ओळखतं, पान नाही. दादा म्हणाले, "तू फार विचार करतेस."

हो, करते. लेखिका आहे ना!

आता लेखिकेवरून पोस्टरची गोष्ट. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, सगळ्यांची नावं. माझंही होतं, 'रंगमंच साहाय्य'मध्ये, तिसरं. लेखकाची ओळच नव्हती. विचारलं तर, "अगं, नाव तर आहे ना!" लेखकांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय बर्न करार आहे, त्यात १९२८ सालीच कलम घातलंय की कृतीवर आपलं नाव लागणं आणि तिच्या मोडतोडीला हरकत घेणं हा लेखकाचा हक्क आहे. मी ते काढून वाचलंसुद्धा. मग फोन बाजूला ठेवला आणि छत्री शोधायला गेले, कारण ती माझ्याकडेच होती.

तर काल. मी विंगेत, हातात संहिता आणि टॉर्च. बारावं पान. सुनेने विचारलं, "चावी कुणाकडे आहे?" मुलाने जागेवरच थांबायला हवं होतं. नुसतं थांबायचं होतं. तो गर्रकन वळला आणि पूर्ण ताकदीने म्हणाला, "चावी मी कधीच फेकून दिली!"

एकतिसावं पान.

घरात बंद खोली आहे हे अजून प्रेक्षकांना माहीतच नव्हतं. मी कुजबुजले, मग ओरडले म्हणावं इतक्या जोरात कुजबुजले. पण सुनेने पुढचं वाक्य घेतलं, एकतिसाव्या पानावरचंच, आणि गाडी सुटली. प्रकाशयोजनावाल्याने दोनदा अंधार केला, एकदा चुकून आणि एकदा बहुधा रागाने. एकोणीस पानं गेली. बहिणीचं काम करणारी मुलगी माझ्या शेजारीच उभी होती, रंगभूषा करून, हातात सूटकेस घेऊन. तिचा सगळा भाग त्या एकोणीस पानांत. चार महिने एकही तालीम चुकवली नव्हती पोरीने. तिने मला विचारलं, "ताई, मी कधी जाऊ?" मी टॉर्च पानावर धरून उगाच पुढची-मागची पानं उलटत राहिले. शेवटी ती नमस्काराला गेली, सूटकेस घेऊनच.

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, हाच तर संताप आहे! मुलाचं काम करणारा घामाने निथळत येऊन म्हणाला, "ताई, तू ते वाक्य दोनदा का लिहिलंस पण?" दादा शेजारीच उभे होते. गळ्यातला हार नीट करत होते.

एका जाणकार काकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "संहिता मात्र आटोपशीर हं! हल्लीचे लेखक फार पाल्हाळ लावतात."

आज सकाळी पाचला उठले. चौथं प्रकरण उघडलं. पाच दहाला ग्रुपवर दादांचा मेसेज: "कालची लांबी अगदी परफेक्ट होती. पुढचंही असंच छोटं लिही. रविवारपर्यंत दे. आणि छत्री कुणाकडे आहे?"