जुनं मोल्डिंग मशीन भंगारात घालायच्या आधी हे वाचा

आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, की 15 वर्षांवरचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन (प्लास्टिक वितळवून डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पीस काढणारं) सरळ भंगारात द्या, प्रेशर पडलं म्हणजे पंप गेला, पीस अर्धा येतोय म्हणजे माल वितळवून पुढं ढकलणारं स्क्रू-बॅरल संपलं, माल जळतोय म्हणजे कंट्रोल पॅनल बदला, लाईट बिल तर परवडतच नाही, आणि तोवर चालवायचंच असेल तर दार उघडताच मशीन थांबवणारा दाराचा स्विच बायपास करा म्हणजे सायकल फास्ट होते. बंद पडलेलं 80 टनी (डाय 80 टन जोरानं बंद धरणारं) मशीन आम्ही स्वतः उभं केलंय, म्हणून लिहितोय.

पंपाचं आधी. आमचाही खडखडायचा, सगळे म्हणाले गेला. टाकीतला सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंपाच्या तोंडची जाळी, काढला तर काळ्या चिकट गाळानं गच्च, पंपाला तेल ओढताच येत नव्हतं. स्ट्रेनर धुतला, टाकी पुसली, 46 नंबरचं नवीन हायड्रॉलिक तेल भरलं, आवाज बंद. तरी प्रेशर चढत नसेल तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह खोला, सीटवर कचरा अडकला की तेल परत टाकीतच जातं. आणि सकाळी व्यवस्थित चालून दुपारनंतर प्रेशर पडत असेल तर ऑइल कूलर बघा. सोलापूरचा मे महिना, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, ट्यूबा आतून पांढऱ्या होऊन बसतात, तेल 60 डिग्रीच्या वर गेलं की पातळ होतं, मग पंप नवीन टाकला तरी तेच रडगाणं.

पीस अर्धा येतोय तर होल्डिंगच्या वेळी, म्हणजे डाय भरल्यावर दाब धरून ठेवतात तेव्हा, स्क्रूवर नजर ठेवा. थोडा माल पुढं राखून तो जवळपास थांबायला पाहिजे, तसं न होता हळूहळू सरकत पार शून्याला टेकत असेल तर माल मागं पळतोय, आणि तिथं पहिला संशय चेक रिंगवर, म्हणजे स्क्रूच्या टोकाशी माल मागं येऊ न देणाऱ्या रिंगवर, घ्यायचा. रिंग बदलूनही तसंच राहिलं तर मग बॅरल मोजा. आधी रिंग, मग बॅरल, कारण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माल जळण्याचं तर आम्ही दोन दिवस डोकं फोडून घेतलं. एबीएस प्लास्टिकचे पीस पिवळे, गेटपाशी (माल डायमध्ये शिरतो तिथं) तपकिरी, आणि कंट्रोलरवर मात्र 220 निवांत दिसतंय. शेवटी कळलं की आधी कुणीतरी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, के टाईपचा बसवलाय आणि कंट्रोलर जे टाईपवर सेट आहे. अशा जोडीत 220 दिसतं तेव्हा आत 290 च्या आसपास असतं! थर्मोकपल बदलला, काम झालं, पॅनलला हातही लावला नाही. हीटरचंही तसंच, 230 व्होल्टचा 1000 वॅटचा बँड हीटर मीटरवर साधारण 53 ओहम दाखवतो, ओपन दाखवला तर तेवढा एकच बदलायचा.

लाईट बिलाचं मात्र खरंय, जुन्या फिक्स पंपाची मोटर डाय थंड होईपर्यंतही फिरतच राहते, गरजेपुरतीच मोटर फिरवणारं सर्वो मशीन तिथं वाचवतं. पण त्याच्यासमोर नव्या मशीनचा हप्ता मांडून बघा. टाय बार (डायचा जोर पेलणारे दांडे) किंवा प्लेटनला (डाय बसते त्या जाड प्लेटला) तडा असेल तर मीही म्हणेन सोडून द्या.

पण दाराचा स्विच बायपास करा हे कृपा करून पुढं पाठवू नका. 80 टनाच्या डायमध्ये अडकलेला पीस काढायला पोरगं हात घालतं, त्या क्षणी त्याच्या हाताला तेवढा एक स्विच वाचवतो. आमच्या मशीनवर तो वायरीनं बांधून ठेवलेला सापडला, तेलाला हात लावायच्या आधी आम्ही तो सोडवून चालू करून घेतला.