आधी फरशी सांगा, मग दान करा

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय? तिच्या नावानं शाळेला काहीतरी द्यावं असं मनात आलंय? उत्तम. गेल्या महिन्यात आमच्या घरी हे पुण्य पदरात पडलंय, तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐकून घ्या.

सगळ्यात आधी ग्रॅनाइटची फरशी सांगा. वस्तू काय द्यायची ते मागाहून ठरतं. फरशीवर ‘कै.’ बारीक, आईचं नाव मध्यम आणि खाली देणगीदार म्हणून तुमचं नाव ठसठशीत, हुद्द्यासकट. मराठी वर की कन्नड वर, हे बेळगावकडच्या माणसाला मी काय शिकवणार!

पंखा देणार असाल तर तिन्ही पात्यांवर नाव रंगवून घ्या. करंट गेला की वाचता येतं. आपल्याकडं वाचायला वेळ भरपूर मिळतो.

एखाद्या संस्थेला देणार असाल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, देणगीवरची आयकराची सूट हुकते. श्रद्धा श्रद्धेच्या जागी.

आणि मुख्य म्हणजे, शाळेला काय हवंय ते चुकूनसुद्धा विचारू नका. आमच्या चुलत भावानं, दादानं, नाही विचारलं. खानापूर तालुक्यातली दोन खोल्यांची मराठी शाळा, तिथं त्यानं थेट वॉटर फिल्टर नेऊन उभा केला. फ्लेक्स, शाल, नारळ, तीन भाषणं. पहिली-दुसरीची पोरं दीड तास उन्हात मांडी घालून बसलेली. त्यातलं एक सारखं पाणी मागत होतं, त्याला बाईंनी डोळे वटारून गप्प केलं, कारण पाण्याच्या फिल्टरचं उद्घाटन चालू होतं! शेवटी एकेक बिस्किटाचा पुडा हातात देऊन फोटो.

परवा मंगळवारी मी सहज गेलो. फिल्टर ऑफिसात, कपाटाशेजारी. वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही, त्यावर हजेरीपटांचा गठ्ठा. फरशी मात्र दारालगत चकचकीत बसलेली. बाई म्हणाल्या, “प्लग कुठं हाय वो त्या भिंतीला? आन् टाकीत पाणी चढतंय कुठं?” मग दबकत म्हणाल्या, “मुलींच्या संडासाला कडी नाही सर. एक पोरगी आत, दुसरी दार धरून बाहेर.”

कडी. तालुक्याच्या बाजारात शंभराच्या आत मिळते. पण कडीवर नाव कुठं कोरायचं, नाही का?

आमची आई भांड्यांवर नाव घालून घ्यायची. लग्नाकार्याला गेलेली कळशी घरी परत यावी म्हणून. शेजारी दिलेल्या ताकाच्या तांब्यात तिनं कधी नाव सोडलं नाही. आणि तुम्ही आईच्या नावाची फरशी लावून मुलांना उन्हात बसवता? स्वतःची नातवंडं इंग्रजी माध्यमात घालायची आणि मराठी शाळेच्या भिंतीवर नावं कोरायची? लाज वाटू द्या जरा. मलाही वाटू दे, त्या फोटोत शाल पांघरून मीही बसलोय.

दादा, शाळा दहाला उघडते. उद्या येताना वायरमन आण. आणि कडी, स्क्रूसकट.